एक निकाल, एक संप आणि पेन्शनची सीमारेषा

१७ डिसेंबर १९८२. दिल्लीत सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने डी. एस. नकारा खटल्याचा निकाल दिला. सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन ही मायबाप सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, असे त्या निकालाने ठामपणे मांडले. आजही देशभरचे निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात.

त्याच दिवशी मुंबईच्या गिरणगावात संपाचा अकरावा महिना संपत आला होता. १८ जानेवारीपासून सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांबाहेर होते. दिल्लीच्या निकालाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो का नव्हता, हे समजण्यासाठी शतकभर मागे जावे लागते.

‘पेन्शन’ हा शब्द मराठी मुलखात प्रथम गाजला तो दरबारी अर्थाने. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावास बिठूरला सालीना आठ लाख रुपये मिळत. १८५१ मध्ये तो वारल्यावर कंपनीने ही रक्कम नानासाहेबांना नाकारली. देणाऱ्याची मर्जी फिरली की देणे थांबले! १८७१ च्या पेन्शन कायद्याने हीच वृत्ती कलमबद्ध केली. सरकारी निवृत्तिवेतनाच्या वादात जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून दिवाणी न्यायालयाचे दार बंद झाले. तरीही सरकारी कारकुनाला म्हातारपणी काही मिळण्याची रीत होती. गिरणी कामगाराला तीही नव्हती.

त्याचा विमा म्हणजे त्याचे गाव. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला माणूस खोलीत दाटीवाटीने राही, खानावळीत जेवी आणि आजार लांबला की गावची वाट धरी. बाळंतपण गावी, म्हातारपण गावी. गिरणीचा पगार जणू हे गृहीत धरूनच ठरलेला असे. कोकणातल्या भातखाचरांनी मुंबईच्या गिरणीमालकांचा खर्च किती वाचवला, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही.

हा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न प्रथम स्पष्टपणे उभा राहिला तो बाळंतपणाच्या निमित्ताने. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर, तिच्या श्रमातून लाभ मिळवणाऱ्या मालकाला त्यातून अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

१९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला. मुंबई शहरात रोज आठ आणे, तेही मालकाच्या खिशातून. इथेच एक गोम होती. ज्या गिरणीत स्त्रिया अधिक, तिच्यावर बोजा अधिक. त्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे, कामाची फेररचना अशी कारणे त्यामागे होतीच. पण स्त्री कामगार ‘महाग’ पडते हा हिशेबही मालकांच्या डोक्यात नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

यावरचा उपाय म्हणजे बोजा एका मालकावर न टाकता सर्वांचा मिळून निधी उभारणे. मार्च १९४३ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल नुकताच प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे अडारकरांना पुढे ‘छोटा बेव्हरिज’ म्हटले गेले. हे बिरुद कौतुकाचे असले तरी थोडे फसवे आहे. बेव्हरिजने सगळ्या नागरिकांचा विचार केला होता. अडारकरांच्या कक्षेत होते ते फक्त संघटित कारखान्यांतले कामगार.

१९४८ चा कामगार राज्य विमा कायदा या अहवालातून आला. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी, आजारपणात सुमारे निम्मे वेतन, प्रसूतिलाभ, दवाखाना. नावात ‘राज्य’ असले तरी सरकारचा वाटा बेताचाच होता: केंद्राने पहिली पाच वर्षे प्रशासकीय खर्चाचा दोन तृतीयांश भाग द्यायचा आणि पुढे राज्य सरकारांनी वैद्यकीय खर्चाचा आठवा हिस्सा उचलायचा. सरकारी कारखान्यांना मात्र, त्यांच्या कामगारांना तोडीच्या किंवा वरचढ सवलती मिळत असतील तर, या कायद्यातून सूट देता येई. सरकारी आणि खाजगी यांतली रेघ अशी कायद्यातच आखली गेली.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्घाटन केले. ती मुंबईत १९५४ मध्ये आली. गिरणगावातल्या पॅनेल डॉक्टरांच्या दारांत विमाधारक कामगारांच्या रांगा लागू लागल्या. १९५२ मध्येच भविष्य निर्वाह निधीचा कायदाही झाला. तो आरंभी सहा उद्योगांना लागू होता आणि कापडधंदा त्यांतला एक. वर्गणीचा दर सव्वासहा टक्के. आज हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या काळच्या माणसाला तो सहज कळे: रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक, मालकाचा एक. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी आली: पाच वर्षांच्या सेवेनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन.

कागदावर ही व्यवस्था भक्कम दिसते. तिचा पाया मात्र एकच होता: गिरणी चालू राहणे. वर्गणी पगारातून कापली जाई. पगार थांबला की वर्गणी थांबे आणि वर्गणी थांबली की काही काळाने विम्याचा हक्कही संपे. ग्रॅच्युइटी मालकाने द्यायची. मालकच दिवाळखोर झाला तर कामगार देणेकऱ्यांच्या रांगेत उभा. बदली कामगाराचे हाल तर याहून बिकट, कारण त्याच्या हजेरीचे दिवसच मुळी अपुरे भरत. १९८२ च्या संपात हा पाया निखळला. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा नीट सुरूच झाल्या नाहीत आणि हजारो कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिले. सरकारी नोकराच्या पेन्शनमागे तिजोरी होती, गिरणी कामगाराच्या हक्कामागे एक भोंगा होता.

खाजगी कर्मचाऱ्यांसाठी नियमित निवृत्तिवेतनाची योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी आली. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के, तेही ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच. गिरणगावातल्या बहुतेकांसाठी ती फार उशिरा आली.

त्यानंतर रेघेची दुसरी बाजूही हलली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना वर्गणीवर आधारित योजनेत घातले गेले. ज्या हक्काला नकारा खटल्याने अधिष्ठान दिले होते, तो नव्या भरतीपुरता संपला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा देत आठवडाभर संपावर गेले. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या मूळ वेतनाची हमी देणारा पर्याय खुला केला.

खाजगी क्षेत्रातील १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. बुलढाण्यातून चाललेल्या ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारकांच्या आंदोलनाची मागणी आहे दरमहा ७,५०० रुपयांची, महागाई भत्त्यासह.