कुरवंजीने सांगितलेला भूगोल



तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं, "सर, आता एआय चित्रं काढतं, गाणी रचतं. आपण काय करायचं?" मी फौजी माणूस, संगणकातला जाणकार नाही. पण असाच पेच एका मराठी राजापुढे उभा राहिला होता. ती गोष्ट सांगतो.

1798 साली तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले बसले. पुढच्याच वर्षी तह झाला आणि राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. वय अवघं बाविशीचं. ज्यांनी राज्य नेलं, त्यांच्याच हाती नवे नकाशे, दुर्बिणी आणि छापखाने होते.

रागाने हे सगळं झिडकारता आलं असतं. राजांनी तसं केलं नाही, आणि आपलंही सोडलं नाही. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. 1805च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखानाही सुरू केला. सरस्वती महालात जुन्या हस्तलिखितांच्या शेजारी युरोपातली पुस्तकं आली.

पण मला सगळ्यात भावते ती त्यांची 'देवेंद्र कुरवंजी'. आपल्याकडे पिंगळा भविष्य सांगत दारोदार फिरायचा, तशी तमिळ मुलखातली कुरवंजी. काखेत टोपली, हातात काठी. तिच्या नावाच्या नृत्यनाटकात ती विरहिणी नायिकेचा हात बघते आणि प्रियकर भेटेल म्हणून सांगते. सरफोजीराजांनी हे नाटक मराठीत रचलं आणि कुरवंजीच्या तोंडी घातला जगाचा भूगोल! खंड, देश, सगळं. परकं ज्ञान ओळखीच्या आवाजात घरी आलं.

हे वाचून मीही एक प्रयोग केला. रात्रीच्या अंधारात नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढणं, ही माझी विद्या. परवा नातू म्हणाला, "आजोबा, फोन असताना नकाशा कशाला?" ते लागलं. मग एआयला चित्र काढायला सांगितलं: कुरवंजी एका निवृत्त अधिकाऱ्याचा हात बघते आहे, मागे जगाचा नकाशा.

पहिल्या चित्रात तिला राजस्थानी घागरा होता आणि नकाशात भलत्याच ठिकाणी समुद्र. साडी, टोपली, काठी, किनारे, एकेक सांगून दुरुस्त करून घेतलं. मग अधिकाऱ्याचा चेहरा कसा हवा, हे लिहायला बसलो आणि अडलो. रागावलेला? घाबरलेला? शेवटी लिहिलं, 'आपली गरज संपली असं वाटणारा.' इतकी वर्षं हे मी घरातही कुणाला बोललो नव्हतो.

चित्र बरं आलं. नातवाला दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजोबा, मला होकायंत्र शिकवा."

मंडळी, राजांनी आधी भूगोल शिकून घेतला, मग कुरवंजीला बोलतं केलं. यंत्र चित्र देईल. पण कुरवंजीच्या काखेत टोपली असते, हे आपल्यालाच ठाऊक असायला हवं. आणि मनात काय सलतं आहे, तेही आपल्यालाच सांगावं लागतं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.