विषाणूची कुलपरीक्षा : उपप्रकार-निर्णयाच्या साधनांची विश्वसनीयता

एड्सला कारणीभूत होणाऱ्या एचआयव्ही या विषाणूचा भारतातील संसर्ग १९८६ साली मद्रास येथे प्रथम निदर्शनास आला. हा विषाणू कोणत्या कुळाचा, या प्रश्नाचा अभ्यास पुढे पुण्यात, १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत होऊ लागला. बहुसंख्य नमुने ‘सी’ उपप्रकाराचे आढळले. हा निष्कर्ष आजही टिकून आहे. परंतु ज्या साधनांनी तो काढला गेला, त्यांच्या मर्यादाही पुण्यातील नमुन्यांनीच दाखवून दिल्या.

विषाणूचा जनुकसंच सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइडांचा असतो. १९९३ साली पुढे आलेल्या ‘हेटरोड्युप्लेक्स’ चाचणीत आवरण-जनुकाचा एक तुकडा ज्ञात उपप्रकाराच्या तुकड्याशी जोडीत. जोडी जितकी विजोड, तितकी ती जेलमधून मंद सरके. पद्धत अल्पखर्चाची व शीघ्र होती. मात्र अंशावरून समग्राचा निर्णय करता येतो, हे तिचे गृहीतकृत्य होते.

१९९९ साली रमेश परांजपे, स्टुअर्ट रे प्रभृती संशोधकांनी सहा भारतीय रुग्णांतील विषाणूंचे जवळजवळ संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केले. पाच ‘सी’ ठरले. सहाव्यात ‘ए’ आणि ‘सी’ यांचे मिश्रण निघाले. जनुकसंचाच्या भागाभागाचे साम्य क्रमाने मोजणाऱ्या रे यांच्या ‘सिमप्लॉट’ या संगणक-प्रणालीचा त्यात उपयोग झाला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांना पुण्यातच अशा मिश्र पोथ्यांशी झगडावे लागले होते. दोन परंपरांतून उतरलेल्या पोथीचे कूळ एका अध्यायावरून ठरत नाही, विषाणूचेही तसेच.

२००० साली नामपद्धतीची फेररचना झाली, तेव्हा ‘आय’ हा स्वतंत्र मानलेला उपप्रकार अनेक कुळांचे मिश्रण ठरून यादीतून वगळला गेला. त्यानंतर ‘रेगा’ (२००५), ‘कॉमेट’ (२०१४) यांसारखी स्वयंचलित साधने आली. ‘सी’विषयी त्यांचे बहुधा एकमत होते, मिश्र प्रकारांविषयी मतभेद वाढतात. शिवाय प्रत्येक साधन आपल्या संदर्भसंचातील नावांपैकीच नाव देऊ शकते. काँगोतील ‘एल’ उपप्रकारास २०१९ साली मान्यता मिळाली, त्याचा एक नमुना मात्र १९८३ सालचा होता.

संसर्गाचा प्रवास आणि लसीची दिशा या निर्णयांवर अवलंबून असते. म्हणून उपप्रकाराचे नाव हे अंतिम सत्य न मानता अनुमान मानावे, आणि कोणता भाग वाचला, कोणते साधन व कोणता संदर्भसंच वापरला, हे त्यासोबत नोंदवावे, हेच शास्त्रशुद्ध होय.