चार श्वासांची फटफटी

आमच्या घरी तिला ‘म्हैस’ म्हणतात. नाव ठेवले सौभाग्यवतीने. श्रावणात शाळा सुटून मी रानवाटेने घरी पोचलो की गाडी आणि मी असे काही माखलेले असतो, की दारातूनच फर्मान सुटते, “अहो, आधी म्हशीला धुवा, मग तुम्ही धुऊन घ्या, आणि मागल्या दाराने या.”

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे हल्लीची दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. शाळा शाहूवाडी तालुक्यात रानाच्या एका अंगाला, घर दुसऱ्या अंगाला. डांबरी सडकेने गेले तर डोंगराला भलामोठा वळसा. मालकीच्या रानातल्या जुन्या गाडीवाटेने त्याच्या निम्मेही अंतर नाही. म्हणून एका कादंबरीच्या मानधनात पतपेढीचे कर्ज मिसळून मी ही जुनी गाडी घेतली. हिरो कंपनीने २०११ साली काढलेली दीडशे सी.सी.ची ‘इम्पल्स’. उंच अंगाची, लांब पायांची, खाचखळग्यांसाठीच बेतलेली. लोकांना सडकेवर मिरवायची गाडी हवी होती, ही मिरवण्यातली नव्हती. काही वर्षांत ती निघायची बंद झाली.

यंदा गाडीवाटेवर खडी पडू लागली तसे चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता विका तिला. असल्या गाडीला इतिहास असतो, भविष्य नसतो.” बोलणे लागले. पण इतिहास असतो हे त्याने कबूल केले, तेव्हा म्हटले, तो तरी सांगून ठेवावा.

आमच्या म्हशीचे इंजिन ‘फोर-स्ट्रोक’ आहे. फळ्यावर चित्र काढून हे मी मुलांना सांगतो ते प्राणायामाच्या भाषेत. पहिल्या फेरीत दट्ट्या खाली जातो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढतो, हे पूरक. दुसरीत वर येऊन ते दाबून धरतो, हे कुंभक. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या खाली रेटला जातो. एवढाच काय तो कमाईचा क्षण. चौथ्या फेरीत धूर बाहेर, हे रेचक. हे इंजिन निकोलस ऑटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली चालवून दाखवले. त्याच्या हाताखाली काम केलेला गोट्लिब डाइमलर पुढे वेगळा झाला आणि मायबाख या सोबत्याच्या मदतीने त्याने १८८५ साली तसलेच छोटे इंजिन चक्क एका लाकडी सांगाड्यात बसवले. शक्ती अर्ध्या घोड्याची. नोव्हेंबरात त्याचा मुलगा पाउल तीवर बसून कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला गेला. इंजिन पेटवणारी तापती नळी बरोबर बैठकीच्या खाली होती, आणि वाटेत बैठकीनेच पेट घेतला असे सांगतात. जगातल्या पहिल्या फटफटीची ही पहिली फेरी! बापाचे शोध लेकराच्या बुडाला चटके देतात ते असे. ती मूळ गाडी १९०३ च्या कारखान्याच्या आगीत जळून गेली. आता ठिकठिकाणी आहेत त्या तिच्या प्रतिकृती.

पुढची सत्तरएक वर्षे डोंगरात नि चिखलात या चार श्वासांचेच राज्य होते. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी सहा दिवसांची एक विलक्षण स्पर्धा भरते. तीत वेगाला मान नाही. दगडगोट्यांच्या ओढ्यातून, निसरड्या चढावरून गाडी न्यायची, आणि पाय जमिनीला टेकला की दोषांक. १९५२ साली ती जॉनी ब्रिटनने जिंकली ती रॉयल एन्फिल्डच्या बुलेटवर. होय, तीच बुलेट! १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली आणि हल्ली गावोगावच्या पुढाऱ्यांच्या अंगणात पुसूनपासून उभी असलेली. तिचे मूळ वळण चिखलातले आहे, हे सांगितले की आमच्या सरपंचांना अजून पटत नाही.

मग आली १९६५ ची गोष्ट. मला ती सगळ्यांत चटका लावते. सॅमी मिलर नावाचा आयर्लंडचा पठ्ठ्या पाचशे सी.सी.च्या एरियलवर हीच स्पर्धा १९६२ आणि १९६४ मध्ये जिंकला होता. त्या गाडीचा भाग न् भाग कातून त्याने ती हलकी केली होती. एवढे करून त्यानेच तिला सोडले. बुल्टाको या स्पॅनिश कंपनीसाठी त्याने अडीचशे सी.सी.ची टू-स्ट्रोक गाडी घडवली, आणि १९६५ साली तीवर बसून तीच स्पर्धा जिंकून दाखवली. टू-स्ट्रोकला चार श्वासांची चैन नाही. प्रत्येक फेऱ्याला भडका. झडपा नाहीत, म्हणून वजन कमी. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे आणि जाळायचे. जो सगळ्यांत चांगला जाणतो त्यानेच पाठ फिरवली, तर दुसऱ्यांनी काय करावे? रानवाटा निळ्या धुराने भरल्या. आपल्याकडे दूधवाल्यांच्या राजदूतही त्याच जातीच्या.

पण म्हैस मेली नव्हती. १९७९ साली पहिली पॅरिस-डाकार शर्यत सिरिल नव्हू या फ्रेंच तरुणाने जिंकली ती यामाहाच्या पाचशे सी.सी.च्या फोर-स्ट्रोकवर. सहारा ओलांडताना घाईपेक्षा दमाला किंमत आली. १९८५ मध्ये आपल्याकडे सी.डी. १०० आली आणि थेंबाथेंबाचा हिशेब करणाऱ्या माणसाने तिला घरात घेतले. पुढे धुराचे कायदे कडक होत गेले. १९९७ साली लास व्हेगासच्या उड्यांच्या शर्यतीत डग हेन्रीने चारशे सी.सी.च्या फोर-स्ट्रोकवर टू-स्ट्रोकांना मागे टाकले, तेव्हा तर शर्यतवाल्यांनाही मान वळवावी लागली.

रानात चार श्वासांचे सुख कशात आहे, ते उतारावर कळते. पाला भिजलेला, खाली लाल माती. ब्रेक दाबावा तर चाक घसरते. तेव्हा पहिला गिअर टाकून मूठ सोडून द्यायची. इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवते, हात धरून म्हातारीला उतरवावे तसे. टू-स्ट्रोक अशा वेळी मोकळी सुटते. चढावरही म्हैस गुरगुरत, चिखल चघळत जाते. खोड एकच: आडवी पडली की कार्बुरेटरमधले पेट्रोल जाते भलतीकडे, आणि मग कितीही लाथा घाला, ढिम्म. एकदा दिवेलागणीला ओढ्यापाशी अशी पडली. शिवाय टॅपेट तपासायचे मी महिनाभर टाळले होते. आळस माझा, गाडीचा नव्हे. दहा-वीस लाथांनंतर थकून बसलो. इंजिन बंद, रान बोलू लागले. समोर वीस पावलांवर गवा उभा! तो मला पाहत होता, मी त्याला. मिनिटभराने मान फिरवून तो करवंदीच्या जाळीत शिरला.

त्या दिवसापासून एक काटा मनात आहे. रोज मी तेथून गेलो, तेव्हा तो रोज तेथे असणारच. मी कधी पाहिला नाही, कारण मी येत असल्याचे त्याला पाऊण मैलावरून कळत होते. चिरंजीव म्हणतात, विजेवरची घ्या, आवाजच नाही. म्हणणे खोटे नाही. माझ्याजवळ त्यावर उत्तर नाही, आणि मन होत नाही हे काही उत्तर नव्हे. सॅमी मिलरची ती एरियल मात्र आज त्यांच्याच संग्रहालयात आहे, एवढे मी चिरंजिवांना सांगून पाहिले. “आपल्याकडे संग्रहालय कुठे आहे? गोठाच आहे,” असे आतून उत्तर आले; ते चिरंजिवांचे नव्हते.

दसऱ्यापर्यंत खडी ओढ्याला येऊन टेकली. पलीकडची वाट अजून शाबूत आहे. मिस्त्रींकडून टॅपेट लावून घेतले, तेल बदलले, साखळी धुतली. भाऊबीज झाली की कोल्हापूरहून एक गृहस्थ गाडी पाहायला येणार आहेत. आडवी पडल्यावर मूठ पूर्ण उघडी धरून आठ-दहा संथ लाथा घालायच्या, मग मूठ मिटून एकच जोराची, म्हणजे ती चालू होते, हे मी त्यांना अद्याप कळवलेले नाही.