भाकरी थापली जाईना तेव्हा : खानदेश, मिलो आणि ‘हायब्रीड’ ज्वारी

१/ मराठीत ‘हायब्रीड’ हे विशेषण बेचव, तकलादू अशा अर्थाने सर्रास वापरले जाते. कृषिविज्ञानातील एक संज्ञा घरोघरी निंदावाचक कशी झाली? त्याचे उत्तर जळगाव-धुळ्याच्या चुलींपाशी सापडते. त्या चुलींवर वर्षानुवर्षे शिजलेले धान्य एका दशकात दोनदा बदलले, त्याची ही कथा. (थ्रेड)

२/ १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. येथील जेवणाचा पाया ज्वारी-बाजरीचा. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी, उन्हाळ्यात वाळवलेले ज्वारीचे बिबडे, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीत पिकणारी पांढरीशुभ्र ‘दादर’ ज्वारी ही या भूमीची ओळख.

३/ भाकरी दिसते तितकी सोपी नाही. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. गरम पाण्यात पीठ मळले की त्यातील पिष्ट चिकट होते आणि त्याच बळावर भाकरी थापली जाते. पिठाच्या या गुणाला घराघरांत ‘विरी’ म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी परातीतच फाटते.

४/ स्वातंत्र्यानंतर देशात धान्याचा तुटवडा होता. अमेरिकेने १९५४ मध्ये ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला आणि १९५६ मध्ये भारताने त्याखाली पहिला करार केला. १९६५ आणि १९६६ ही सलग दोन वर्षे अवर्षणाची गेली. एकट्या १९६६ मध्ये देशाने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. त्यात बहुतांश गहू होता. पण त्यासोबत लालसर दाण्याची एक ज्वारीही आली : मिलो.

५/ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलो परकी नव्हती. आफ्रिकेत उगम पावलेल्या एकाच पिकाची एक शाखा हजारो वर्षांपूर्वी भारतात आली, दुसरी फार उशिरा अमेरिकेत गेली. भारतात पिढ्यान्‌पिढ्यांची निवड भाकरीसाठी झाली. अमेरिकेत मात्र हे पीक मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी वाढवले गेले. प्रजाती एक राहिली, प्रयोजन बदलले.

६/ रेशनच्या रांगेत उभे राहून आणलेल्या या धान्याची भाकरी लाल, कोरडी होई आणि थापताना फाटे. मिळेल ते दुसरे पीठ मिसळून गृहिणी वेळ निभावून नेत. पोट भरे, पण दुसऱ्या देशात जे गुरांना घालतात ते आपल्या ताटात आले, ही बोच राही. ‘मिलो खाऊन दिवस काढले’ हे त्या पिढीच्या तोंडी विपत्तीचे माप होऊन बसले.

७/ या परावलंबनावर उपाय म्हणून १९६४ मध्ये भारतातील पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ प्रसारित झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी १९६५ मध्ये पुण्यात महाराष्ट्राला दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. ते न साधल्यास फाशी जाण्याची तयारीही बोलून दाखवली. त्या मोहिमेत संकरित ज्वारीला मोठे स्थान होते.

८/ येथे इतिहासातील एक विलक्षण योगायोग दिसतो. ज्वारीचे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची युक्ती १९५४ मध्ये टेक्सासमधील संशोधक स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मांडली. मिलोच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीचे गुण आणले की परागकण वांझ निपजतात, हे तिचे मूळ. सीएसएच-१ ची मातृओळ याच पद्धतीची. पेशीद्रव्य आईकडून येते. म्हणजे रेशनच्या पोत्यातून आलेली मिलो बियाण्यातूनही शेतात शिरली होती.

९/ नव्या वाणाचे उत्पादन देशी ज्वारीहून कितीतरी अधिक होते, यात शंका नाही. पण ते लवकर पक्व होई. कणसे भरत असतानाच परतीचा पाऊस गाठे आणि दाणा बुरशीने काळा पडे. ताट बुटके असल्याने कडबा कमी मिळे. कपाशीच्या या मुलखात शेती बैलांवर चाले. तिथे कडबा म्हणजे निम्मे पीक. शिवाय भाकरी पुन्हा बेचवच.

१०/ शेतकऱ्याने यावर आपली वाट काढली. खरिपात हायब्रीड, ती बाजारासाठी. घरासाठी शक्य तिथे देशी वाण. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा या भागांत दादर टिकून राहिली, कारण ती रब्बीची आणि जमिनीतील ओलीवर येणारी. खरिपाच्या हायब्रीडशी तिची थेट स्पर्धा नव्हती. ज्याच्याकडे जमीन होती त्याला ही निवड करता आली. मजुराच्या घरी मात्र स्वस्त असेल तेच शिजले.

११/ १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राचा मोठा भाग होरपळला. देशाला पुन्हा परदेशातून धान्य घ्यावे लागले आणि दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या वाट्याला पुन्हा मिलो आली. तिने जीव वाचवले, हेही नोंदवले पाहिजे. उपकार आणि नावड एकाच ताटात असू शकतात.

१२/ तत्कालीन चर्चेत या नावडीला अनेकदा अडाणी हट्ट समजले गेले. पण विरी, कडबा, काळा न पडणारा दाणा या गृहिणी आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी नेमक्या होत्या. पुढील दोन दशकांत दाण्याचा दर्जा आणि कडबा यांना संशोधनात अधिक महत्त्व मिळाले, तेव्हा शास्त्राने एका परीने परातीचाच निकाल मान्य केला.

१३/ तोवर रेशनच्या गव्हाने पोळी रोजची केली होती आणि भाकरी मागे सरली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी ‘आरोग्यदायी’ ठरून परतली. धान्याचे उत्पादन मोजणारी कागदपत्रे अभिलेखागारात आहेत. भाकरी का फाटली हे ज्यांना ठाऊक आहे, त्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारण्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत.