वंशावळीतील आजीचे नाव

आपल्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. एकाच पुरुषाच्या दोन स्त्रियांची संतती एका ओळीत मांडली जाते आणि पुढील पिढीत सख्खे चुलत कोण व सावत्र चुलत कोण, हे उमगेनासे होते. सख्ख्या चुलतांचे आजा-आजी दोघेही एकच. सावत्र चुलतांचा आजा तेवढा एक.

आपल्या काटेवाडीच्याच बारामती तालुक्यातील सुपे १६५६ साली शिवाजीमहाराजांनी संभाजी मोहिते यांजकडून घेतले. हे मोहिते तुकाबाईंचे बंधू, म्हणून महाराजांचे सावत्र मामा. पुढे सईबाईंचे पुत्र संभाजीमहाराज व सोयराबाईंचे पुत्र राजाराममहाराज. त्यांचे पुत्र, सातारचे शाहू व कोल्हापूरचे संभाजी, यांच्यात १७३१ साली वारणेचा तह होऊन राज्याची वाटणी झाली. हे उभयता सावत्र चुलतबंधू होत; आजींची नावे गाळल्यास ते सख्खे चुलत भासतील.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही, नाते इतर सर्व बाबतींत समान असता, सख्ख्यास सावत्राहून अग्रक्रम आहे. म्हणून ज्ञातिबांधवांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येक आजीचे नाव व माहेर वंशावळीत अवश्य नोंदवावे, ही नम्र विनंती.