अंडवाहिनी
अंडवाहिनी : स्त्रीच्या जननसंस्थेतील, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी अंडकोशांकडे जाणारी, सुमारे १० ते १२ सेंमी. लांबीची स्नायुमय नलिका. तिच्या रुंद, मोकळ्या टोकाला झालर असते. अंडकोशातून अंड (स्त्रीबीज) सुटण्याच्या वेळी ही झालर त्यावर पसरून ते आत घेते आणि अस्तरावरील पक्ष्माभिका, म्हणजे सतत हलणारे सूक्ष्म केसांसारखे तंतू, व भिंतीचे आकुंचन यांमुळे ते पुढे सरकते. फलन गर्भाशयात होते असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः ते नलिकेच्या रुंद बाह्य भागात, अंड सुटल्यापासून साधारणतः २४ तासांच्या आत होते आणि विभाजन पावणारा गर्भ तीन-चार दिवसांनी गर्भाशयात पोहोचतो. तो वाटेतच रुजल्यास नलिका फुटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण असून त्याची लक्षणे अनेकदा जाणवतही नाहीत. अशा वेळी शरीराबाहेर फलन घडवून गर्भ थेट गर्भाशयात ठेवतात. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकाऱ्यांच्या अशा प्रयत्नातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुलगी जन्मली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या १९७८ मधील यशाला मात्र त्यांच्या मृत्यूनंतरच मान्यता मिळाली, हा अन्यायच म्हटला पाहिजे.