बिनतारीची तार

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत हल्ली भिंतीवर दोन-चार शिंगांची एक पेटी टांगलेली दिसते. तिला कोणी नेट म्हणतो, कोणी राउटर, कोणी वायफाय. आणि तिन्ही शब्द एकच समजतो. ह्या गोंधळाची किंमत आम्ही मोजली आहे. बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी आम्ही युनियनच्या खोलीत अशी पेटी बसवली. एके दिवशी फोनवर सर्व रेघा पूर्ण, आणि अर्ज मात्र उघडेना. दोन तास आम्ही पेटीच चालू-बंद करीत बसलो. दोष रस्त्याच्या खोदकामात तुटलेल्या तारेचा होता! खाडा करून आलेले अकरा मजूर तसेच परत गेले.

तेव्हा प्रथम शब्द लावून घेऊ. इंटरनेट बाहेरून येते. घरापर्यंत ते बहुधा काचेच्या केसासारख्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून येते. तंतूतल्या प्रकाशाच्या खुणा मोडेम वाचतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला जणू बिल्ला-नंबर देतो आणि ज्याचे टपाल त्याला वाटतो. पेटीपासून फोनपर्यंतचे शेवटचे तीस-चाळीस हात, तेवढेच काय ते वायफाय. तिन्ही कामे आता एकाच पेटीत कोंबलेली असतात, म्हणून घोटाळा होतो. फोनवरच्या रेघा ह्या शेवटच्या टप्प्यापुरत्याच असतात. नळ शाबूत आहे एवढेच त्या सांगतात. धरणातून पाणी सुटले की नाही, हे सांगत नाहीत. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाताना पाहणाऱ्या शहापूरकरांस हा भेद अधिक सांगायला नको.

ही बिनतारी घरात आली, त्यामागे परवान्याचा मोठा इतिहास आहे. १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेश सुरू झाले. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. साधा रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात पैसे भरावे लागत. वडिलांचे ते परवान्याचे पुस्तक आम्हांस चांगले आठवते. तिकडे १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथील परिषदेत लहरींचे काही पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील यंत्रांसाठी राखले गेले. अन्न तापवणारी मायक्रोवेव्ह भट्टी चालते ती अशाच पट्ट्यात. गलबल्याची जागा म्हणून संदेशवाल्यांना तिचे मोल नव्हते. गावाबाहेरचे गायरानच म्हणा ना. १९८५ साली अमेरिकेने ह्या गायरानात विनापरवाना संदेशांना मुभा दिली. १९९७ साली यंत्रांचे समान नियम ठरले, १९९९ साली वायफाय हे नाव पडले. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, पाचाचा बराचसा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये.

२.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब, पाचाची त्याच्या निम्मी. पाचावर माल अधिक जातो, पण भिंतीपुढे ती लवकर दमते. पत्र्याचे दार आणि पाण्याची टाकी दोघींनाही भारी पडतात. म्हणून पेटी घराच्या मध्यावर, उंचावर असावी. फडताळात कोंडू नये.

पण तारच जिथे पोहोचत नाही, त्या डोंगराआडच्या पाड्यांचे काय? याचा एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला आहे. पालघर तालुक्यातील खामलोलीसारख्या गावांत मुंबईच्या आय.आय.टी.च्या अभय करंदीकरांनी व सहकाऱ्यांनी टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावापर्यंत जोडणी नेली आणि पुढे गावात वायफाय दिले. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्यांच्या ‘ग्राममार्ग’ला पहिले पारितोषिक मिळाले. टीव्हीच्या लहरी लांब. झाडीतून त्या बऱ्या निभावतात. परंतु त्या पट्ट्याला गायरानाची मोकळीक नव्हती, प्रयोगालाही खास परवाना लागला. माहुलीच्या पायथ्याच्या किंवा नाणेघाटाखालच्या पाड्यांसाठी कोणी हा मार्ग मागितला, तर पहिला अर्ज लहरींसाठी करावा लागेल. असा अर्ज मजुरांच्या संघटनांनीही करावा, असे आमचे मत आहे.

आमच्या खोलीतल्या पेटीवर ‘एलओएस’ असे लिहिलेला एक दिवा आहे. तो तांबडा झाला की बाहेरचा प्रकाश येत नाही, तार तुटली असे समजावे. आता सकाळी सातला आमच्यापैकी एकजण तो दिवा पाहतो. तांबडा असला, तर मजूर घरून निघण्यापूर्वीच त्यांना फोन जातो.